पायात रुतलेला दोरा

वाटूर,
मंगळवार

प्रिय दैवशालाताई,

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही तुमच्या भावजयीला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही, आणि गेल्या आठवड्यापासून तर उचलतच नाही. म्हणून कागदावर लिहून ट्रॅक्टरवाल्या संपतच्या हाती देते आहे. तो ऊस घेऊन आज अंकुशनगरला कारखान्यावर येणारच आहे, वाटेत तुमच्या दारात देईल. जेवताना वाचू नका. यात आत्याबाईंच्या पायाचं आहे, आणि तुमच्या आईच्या पायाचं नाव काढलं की तुम्हाला घास जात नाही.

घास मलाही जात नाही, ताई. मी काही देवी नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली सुजलेला होताच, पण लुगड्यात झाकला जायचा. आता झाकण्यापलीकडे गेला आहे. कातडी जाड आणि खरखरीत, घोट्याशी वळ्या पडल्यात, त्या वळ्यांतून पाणी सुटतं. बोटांच्या बेचक्यांत पांढरा लगदा साचतो. पहिल्यांदा तो पाय धुतला तेव्हा मी मध्येच उठून परसात जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन उरलेला धुतला. तुमचे बिभीषणभाऊ दारात उभे राहून मोबाइल बघत होते. सुनेच्या हातांना वास येत नाही अशी त्यांची समजूत असावी.

हा हत्तीरोग आहे हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं, मी तुम्हालाही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नव्हतं. डास चावून बारीक जंतू अंगात शिरतात, वर्षानुवर्षं राहतात आणि अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या नसा निकामी करतात. आत्याबाईंचं माहेर नांदेडकडचं, तिथेच कधीतरी लहानपणी झालं असेल. पायाला हात लावल्याने कुणाला होत नाही. पोटच्या पोरांना वारशाने मिळत नाही. सूज पूर्ण उतरणार नाही, पण रोज साबण लावून धुतला, बेचक्या कोरड्या ठेवल्या, मलम लावलं, झोपताना पाय उशीवर घेतला, तर थंडीतापाचे झटके थांबतात. मी हे सगळं करत होते आणि ते थांबले होते. अख्ख्या पावसाळ्यात एकदाही ताप आला नाही. वास गेला. आत्याबाई ओट्यावर बसून शेंगा फोडू लागल्या. शेजारच्या साखराबाई, ज्या गावभर मागच्या जन्मीचं पाप म्हणून सांगत हिंडायच्या, त्याही चहाला येऊन टेकू लागल्या. त्या पायापेक्षा मला साखराबाईंची किळस जास्त येते, तरी चहा दिला.

मग दिवाळीत तुम्ही आलात. अंगणातच खुर्ची मागितलीत आणि घरात उदबत्ती लावायला सांगितलीत. तुमच्या अर्पिताचं लग्न जमत होतं. आजीचा पाय बघून पाहुणे म्हणतील रोग खानदानात आहे, ही तुमची धास्ती. त्यासाठी तुम्ही कुठल्याशा बाबाकडून गाठी मारलेला काळा दोरा आणला होतात. इतक्या वर्षांत तुम्ही आईच्या पायाला एकदाच हात लावलात, तो हा दोरा आवळून बांधायला. "सूज उतरस्तोर काढायचा न्हाई, आई. मधीच तुटला तं अर्पितावर येईल. तुला माझी शपथ हाय." आणि माझ्याकडे वळून म्हणालात, पाणी बिलकुल लावायचं न्हाई, दोऱ्याचा गुण जातो.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी मला पाय धुऊ दिला नाही. मी भांडले, रडले, तुमच्या भावाला पुढे केलं. काही उपयोग झाला नाही. महिन्याभरात ताप परत आला, पाय तापलेल्या तव्यासारखा लाल. तरी साखरपुड्याच्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. तुम्ही व्हिडिओ कॉल केलात. मला म्हणालात, रेणुका, मोबाइल वर धर, नुसतं तोंड दिसू दे. मी वर धरला. पाहुण्यांना आत्याबाई हसताना दिसल्या. पाटावर ठेवलेल्या पायाखाली पाणी गळत होतं आणि माशा बसत होत्या, ते कुणाला दिसलं नाही. कॉल संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरगी लई गोड दिसू राह्यली गं." त्या क्षणी मला तुम्हा सगळ्यांची शिसारी आली, आणि मोबाइल धरणाऱ्या माझ्या हाताचीही.

गेल्या आठवड्यात त्या तापात ग्लानीत होत्या तेव्हा मी कोमट पाणी घेऊन बसले. दोरा दिसेचना. वळी बोटाने बाजूला केली तर तो आत मांसात रुतलेला, भोवती पू, आणि पुवात अळ्या वळवळत होत्या. मी त्या चिमट्याने वेचल्या. तुमचे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसले आणि त्यांनी बॅटरी धरली. आम्ही आत्याबाईंना जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोरा आत्ताच्या आत्ता काढायला हवा, विष चढलं तर पाय जाईल, जीवही जाईल. आत्याबाईंनी पाय पोटाशी ओढून घेतला. "मी मेले तं मेले. नातीवर येऊ देणार न्हाई. जिनं शपथ घातली तिनं सोडवावी." आम्ही परत आलो. दुपारी त्यांचा डोळा लागलेला बघून भाऊ कात्री घेऊन गेले, तर त्या किंचाळून उठल्या. आता घोटा मुठीत धरूनच झोपतात. हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, दोरा देणाऱ्या बाबांना विचारून सांगते. तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही. पुवाची सवय होते, ताई. याची होत नाही.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. तुम्ही मला हव्या आहात, म्हणून लिहिलं आहे. मी कितीही धुतलं, पुसलं तरी ती शपथ मला सोडवता येत नाही, ती तुम्हालाच येते. उद्या, बुधवारी सकाळी आम्ही त्यांना पुन्हा जालन्याच्या त्याच दवाखान्यात नेणार आहोत. तुम्ही तिथे या आणि आईला एवढंच म्हणा की शपथ सुटली. पुढचं डॉक्टर करतील. अर्पितावर काही येईल याची भीती वाटत असेल तर माझं नाव घ्या, आईच्या देखत म्हणा की जे यायचं ते रेणुकावर येवो. मी शेजारी उभी राहीन, हो म्हणेन. जवळ येऊ नका, पायाकडे बघू नका, दारातूनच म्हणा, नाकाला पदर लावून म्हणा. पण म्हणा.

तुमचीच,
रेणुका