गणपतला उभं करायचं नाही

प्रिय कुसुम,

तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही आणि मला तुला पत्र लिहावं लागतंय. तुझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशनाच्या ताई काल नागपुरात, आपल्या बेसाच्या घरी आल्या होत्या, रविवारी पुन्हा येणार आहेत. त्यांना माझा होकार हवा आहे, तुझी एक चूक दुरुस्त करायला. तू नाहीस म्हणून नवऱ्याला विचारतात. तू होतीस तेव्हा कोणी काही विचारलं नाही. तूसुद्धा नाही!

कालपासून अन्न गोड लागत नाही. आज सकाळी दुधाखालचा गॅस बंद केला की नाही हे बघायला तीनदा उठलो. तू हसली असतीस. हस.

आधी सांग, पुस्तक छापून आलं तेव्हा मला वाचू का दिलं नाहीस? "लढाईचं हाय. तुमचं बीपी वाढन, नका वाचू." चौथी शिकलेला माणूस मॅट्रिक बायकोचं ऐकतो, मीही ऐकलं. पुस्तक शोकेसच्या काचेमागे ठेवलं आणि येईल त्या पाहुण्याला दाखवत बसलो, "आमच्या हिनं लिहिलं." पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे. मला ते कौतुक वाटायचं! त्यातले किती जण वाचून आलेले होते वं?

तुझ्या शोकसभेत सोसायटीतले ते रिटायर सुभेदार उठले. चार चांगले शब्द बोलले आणि मग त्यांना राहवलं नाही. "कादंबरी झकास हाय. पण वहिनींनी खंदक काही पाहिला नव्हता! त्यांचा गणपत खंदकाच्या काठावर बसते, पाय आत सोडून. अरे, असा बसला तर डोकं वर राहते ना बाप्पा! पहिल्याच दिवशी खलास!" सगळे हसले. मीही हसलो. सभेत गणपत कोण हे मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

मग धंतोलीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, पेपर बंद. सूनबाई म्हणाली, "बाबा, आईंचं पुस्तक वाचून दाखवू?" माधुरीचा आवाज चांगला आहे. रोज दुपारी मी दिवाणावर बसायचो आणि ती खुर्चीवर.

तुझी यमुना मला आवडली. इंग्रज साहेबाच्या फौजेत तिचा नवरा गणपत जातो आणि तिच्या मनातला दौलतही जातो. दोघं एकाच खंदकात. दौलत उंच, दुसऱ्या जातीचा, कमी बोलणारा. गणपत म्हणजे चिखलात बसून किरकिर करणारा प्राणी! पाणी गाळलं का? पाव मोजले का? सैनिक त्याला चिडवतात, "ए गणपतबुवा, बंदूक झोपली का पाहून ये." मीही हसलो. माधुरी हसली नाही.

पुढे आलं, गणपतची उजवी टाच फुटलेली आहे आणि भेगेत काळं बसलं आहे. तो काठावर बसून पाय आत सोडतो, कमरेत वाकतो, डावा खांदा खाली. कोटाचा धागा निघाला की बोटाला राख लावून पीळ देतो आणि जोडतो.

माधुरी थांबली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी दिवाणाच्या काठावर बसलो होतो, पाय खाली सोडून, डावा खांदा खाली.

कुसुम, तू त्याला शेतकरी केलंस वं! नांगर दिलास, बैल दिलेस. पण बसवलंस मात्र विणकराच्या खड्डामागावर! टांडापेठेच्या जुन्या घरात मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पावड्या दाबायचो आणि तू मागे बसून सुताच्या कांड्या भरायचीस. सूत तुटू नये म्हणून खड्डा ओला ठेवायचो, टाचा त्यानेच फुटल्या. खड्डा म्हटला की त्याच्या काठावर पाय सोडून बसलेला माणूस, तुला दुसरं काही सुचलंच नाही. सुभेदाराला ती चूक वाटते. आपल्या आळीतल्या कोणत्याही बाईला विचार, खड्ड्यात माणूस कसा बसतो. तीही हेच लिहील.

आणि मग तू मला मारलंस. चार पानं! गोळी लगेच नाही लागू दिली. आधी पाय सुजवलेस, मग ताप, मग उंदीर. माधुरी म्हणाली, "बाबा, सोडून देऊ का हे पान?" मी म्हटलं, "वाच." मरताना गणपत दौलतला विचारतो, "बाहेरची कडी लावली का?" खंदकाला दार नाही, घर समुद्रापलीकडे, आणि हा कडीचं विचारतो! दौलत म्हणतो, "लावली. जा आता." गणपत मरतो. यमुनेचा रस्ता मोकळा. जातवाले वाळीत टाकतात तरी ती दौलतशी लग्न करते, आणि वाचणाऱ्या पोरी टाळ्या वाजवतात.

मी माधुरीला विचारलं, "मारलं काहून त्याले? नुसतं सोडून दिलं असतं तर?"

ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा सोडचिठ्ठी कुठं सोपी होती बाबा? आईंपाशी दुसरा रस्ता नसन."

तिच्या मैत्रिणीने मागच्या वर्षी नवरा सोडला. कोणी वाळीत टाकलं नाही, उलट सगळ्या मिळून हॉटेलात जेवायला गेल्या. तुलाही सोडता आलं असतं की! मी काय आडवा पडलो असतो? पडलो असतो, ते जाऊ दे.

दौलत कोण होता? आठवडाभर हेच चाललं होतं माझं. वाचनालयातला तो चष्मेवाला? सुताच्या दुकानातला मुनीम? माधुरीकडून दौलतची सगळी पानं पुन्हा वाचून घेतली. उंच आहे, शांत आहे, डोळे खोल आहेत. बस. त्याच्या टाचा कशा आहेत, तो शिंकतो कसा, कोणत्या कुशीवर झोपतो, काही नाही. तुला माहीतच नाही! तो कुठे नव्हताच. हवेतला माणूस तुला चालला आणि मी नाही चाललो.

एक गोष्ट अजून राहिली आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुझा हात धरून मी काय विचारलं होतं? "घराची कडी नीट लावली होती का वं आपण?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "लावली. जा आता तुमी." मला वाटलं, माझ्या जेवणाची वेळ झाली म्हणून म्हणतेस. मी खाली कॅन्टीनमध्ये गेलो. परत आलो तेव्हा तू गेली होतीस.

पुस्तक तू त्याच्या कितीतरी आधी लिहिलं होतंस.

जन्मभर तू माझं नाव घेतलं नाहीस. लग्नात उखाण्यालाही लाजलीस. पुस्तकात मात्र गणपत, ए गणपत, ऊठ गणपत, मर गणपत! बरं वाटलं असेल नाही?

आता ताई म्हणतात, गणपतला खंदकात उभा करू, दोनच वाक्यं बदलावी लागतील. माधुरी हळूच म्हणाली, "करू द्या ना बाबा. मग कोणाले कळणार नाही." खरं आहे. आळीतल्या लोकांचं हसणं बंद होईल. उभा गणपत कोणीही असू शकतो.

म्हणूनच नाही करू देणार. मी वचन देतो तुला, रविवारी ताईंना चहा पाजीन आणि नाही म्हणून सांगीन. गणपत पाय सोडूनच बसेल, डोकं वर काढून. सुभेदारासारखे शहाणे प्रत्येक आवृत्तीला तुला हसतील, "बाईंना खंदक माहीत नव्हता." हसू देत. तेवढं तुझ्या वाट्याला. गोळी माझ्या वाट्याला आहेच.

आत्ताच दार बघून आलो. कडी लावली आहे. जा आता तू.

तुझा,
नामदेव