बांधलेला फोन की मोकळा?

सूर बंदर,
मंगळवार

थोरल्या झुवेनाताईस धाकट्या असीलाचा सलाम,

झांझिबारचा उकाडा उतरला असेल, उजवा गुडघा तुला जिना चढू देत असेल आणि सुनेशी तुझं बोलणं चालू असेल, असं धरून चालते. (तिन्हींतलं एक जरी खरं असलं तरी अल्लाची कृपा.) आम्ही दोघं ठीक. तीन आठवडे माझा आवाज नाही म्हणून तू मनात काय काय रचलं असशील, ते मला इथे बसून दिसतंय. रुसले नव्हते गं! परवा 'जिवंत आहे' एवढा निरोप धाडला, पण सगळी हकिगत फोनवर सांगायला बसले तर कान भाजून निघेल, म्हणून कागद घेतला.

झालं असं की शेजारच्या लग्नात हलवा ढवळायला मला बोलावलं. फोन खांद्याने कानाशी दाबून मी ढवळत होते, तो घसरला तो थेट कढईत. उलथन्याने बाहेर काढला तेव्हा त्यावर केशर आणि तूप असं काही चढलं होतं की एका पाहुणीने बशी पुढे केली. (फोन गेला. हलवा मात्र पुरुषांच्या बैठकीत गेला आणि वाखाणलाही गेला. ढवळणाऱ्या आम्ही तिघी त्या विषयावर अजून गप्प आहोत.)

आता नवा फोन घ्यायचा, एवढंच काम. एका सकाळीत उरकलं असतं. पण तुझे मेहुणे, आमच्या मुहन्नाचे बाप, अबू मुहन्ना, तीस वर्षं बंदरावर जकात खात्यात होते. उघडून, उलटी करून, तळावर टकटक करून बघितल्याशिवाय त्यांनी एक पेटी पुढे सोडलेली नाही. त्यांनी वही काढली, मधोमध रेघ मारली. एका बाजूला कंपनीचा फोन: पैसे दोन वर्षं दरमहा बिलातून थोडे थोडे जातात, पण फोन कंपनीला बांधलेला, दुसऱ्या कुणाचं सिम त्यात चालत नाही. दुसऱ्या बाजूला मोकळा फोन: बाजारात एकदम पैसे मोजायचे आणि वाटेल ते सिम घालायचं. मग रोज दुपारच्या नमाजानंतर ते समुद्रकाठी चार मित्रांचा सल्ला घ्यायला जाऊ लागले. (या चौघांचेही फोन त्यांच्या मुलींनी निवडलेले आहेत.) सोमवारी मोकळा, मंगळवारी बांधलेला, बुधवारी 'फोन हवाच कशाला'. बाजारातल्या मोबाईलवाल्या कोयाकडे इतक्या चकरा झाल्या, की तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवतो, मग सावकाश ठरवा."

शेवटी गेल्या गुरुवारी सकाळी इस्त्रीचा पायघोळ दिशदाशा घालून हे म्हणाले, चल, ठरलं, कंपनीचा. मी इतकी दमले होते, की कंपनीचा असो की कोयाचा, मला फक्त बोलता यावं. काउंटरवर थुरैया नावाची मुलगी होती, गोड आणि सोशिक. तिने करारपत्र पुढे ठेवलं आणि हे ते पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले. अकराव्या कलमाशी थांबले. "दोन वर्षांच्या आत ग्राहक वारला तर?"

"तर करार बंद होतो, काका. मृत्यूचा दाखला घेऊन समक्ष यावं लागतं."

"समक्ष कुणी यायचं?"

ती पोर तोंडावर हात धरून हसू दाबत राहिली. मग तिने मला विचारलं, "मावशी, परदेशी जाणं-येणं असतं का? कारण दोन वर्षं यात तिथलं सिम चालणार नाही."

मी म्हटलं, "दरवर्षी झांझिबारला जाते मी, बहिणीकडे! मग हा काय कामाचा?"

"कामाचा आहे," हे म्हणाले. "कुठे सही करू?"

मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"वहीत लिहिलंय," हे म्हणाले. मग करारपत्राकडेच बघत, जणू त्यातलंच एखादं कलम वाचतायत अशा आवाजात, "मागच्या वर्षी तीन आठवड्यांसाठी गेलीस आणि चार महिन्यांनी आलीस. दर शुक्रवारी फोन करून म्हणायचीस, आणखी एक आठवडा. फोनच लागला नसता तर आली असतीस. मला एकट्यापुरता भात लावता येत नाही, उम्म मुहन्ना. रोज दोघांचा व्हायचा."

ताई, चार महिने हा माणूस मला फोनवर सांगत होता, "रहा निवांत, मला काय कमी आहे?" आणि मी मूर्खासारखी राहिले. थुरैयाने पेन हळूच परत ओढून घेतलं आणि म्हणाली, "काका, घाई नाही. हवं तेव्हा या."

सही न करताच घरी आलो. शुक्रवारही फोनाविना गेला. मी सुका मोरीमासा केला, यांना आवडतो तसा. जेवले, 'मीठ बरोबर आहे' म्हणाले, बस. शनिवारी सकाळी न सांगता बाहेर पडले. आले ते कहव्याच्या किटलीशेजारी एक खोकं ठेवून उभे राहिले. मोकळा फोन, कोयाकडचा.

"दोन सिमची जागा आहे," हे म्हणाले. "एक इथलं, एक तिथलं." मग बराच वेळ चष्मा पुसून, "कोया सांगत होता, दोन्ही एकाच वेळी चालू राहतात."

मी कहवा ओतत राहिले, तो पेल्यावरून बशीत आणि बशीतून चटईवर गेला, तरी या जकातवाल्याने एक शब्द काढला नाही.

तर ईदनंतर येते. सुनेला सांग, यंदा स्वयंपाकघरात लुडबुड करणार नाही. (निदान पहिले दोन दिवस.)

तुझी,
असीला

ता. क. कान भाजण्याचं मी उगाच लिहिलं. मी फोनवर असते तेव्हा हे शेजारीच पेपर धरून बसतात आणि तासभर पान उलटत नाही. म्हणून हे कागदावर. यांना तू स्वतः फोन करून बोलाव. बायकोच्या मागे मागे आलो, असं यांना चालायचं नाही. थोरल्या मेहुणीने गळ घातली, नाइलाज झाला, असं समुद्रकाठी सांगता आलं पाहिजे. काहीतरी काम काढ. छप्पर गळतंय म्हण, काहीही म्हण.

आणखी एक. हे आधी पाठदुखी सांगतील, मग 'घराकडे कोण बघणार' विचारतील. दोन्ही ऐकून घे आणि तिसऱ्यांदा बोलाव. काल चादरी काढताना कपाटात त्यांचा पासपोर्ट सापडला. सहा वर्षांपूर्वी मुदत संपलेला होता, तो आता कोरा करकरीत नवा आहे.