खोटे मार्क

१० नोव्हेंबर

घोळ झाला आज. मोठा.

माझ्या प्रयोगात मी कोडी सोडवायला देते आणि मुद्दाम सांगते – तुमचे मार्क सगळ्यांत खाली आहेत. मग बघायचं, पुढची कोडी माणूस किती नेटाने सोडवतो. निघण्याआधी खरं सांगायचं, की मार्क खोटे होते, आम्ही पेपर तपासलाच नव्हता. ते सांगितल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, हा नियमच आहे.

आज आलेली स्नेहल ते ऐकण्याआधीच निसटली. मार्क ऐकले, "बाथरूमला जाऊन येते," म्हणाली आणि आलीच नाही. बॅगही नेली. मी मान खाली घालून कागद लावत बसले होते!

११ नोव्हेंबर

फोन उचलत नाही. मेसेजमध्ये सगळं लिहिलं. वाचलाच नाही.

१२ नोव्हेंबर

मला ब्लॉक केलंय.

१३ नोव्हेंबर

विजयमाला मॅडमना, माझ्या गाईडना, सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एथिक्स कमिटीला आजच कळव. पण आधी त्या मुलीला गाठ," एवढंच म्हणाल्या.

तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असेल तर?

१४ नोव्हेंबर

फॉर्मवर पत्ता होता. तळवलीला गेले. दारात तिची आई, शेवंताबाई. भाग घेणाऱ्याचं काही घरच्यांना सांगायचं नाही, म्हणून "कॉलेजातून आलेय," एवढंच म्हटलं.

"एमपीएससीचा क्लास सोरला तिनं. नीट जेवत पन नाय. बोलते, मना डोकाच नाय. कोन काय बोलला तिला, काय म्हाईत."

मी बोलले होते. आणि त्या माउलीच्या हातचा चहा प्यायले. स्नेहल मावशीकडे खांदेश्वरला गेलीय. जिवंत आहे – एवढं कळल्यावर रिक्षात बसून रडले.

१६ नोव्हेंबर

भेटली. सगळं सांगितलं. तिचा पेपरही दाखवला – लाल पेनाची एक खूण नाही त्यावर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात धरला.

"ताई, तुमी किती चांगल्या आहात. मला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं बोलायला आलात."