रोज सकाळचा फोटो

प्रिय किशोरी,

‘प्रिय’ लिहिलंय ते खोडणार नाही. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव, फक्त पाकीट न उघडता फाडू नकोस. त्यात माझ्या पत्राशिवाय आणखी एक कागद आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. मी कुणाच्या फोनवरून तुला फोन केला नाही, हॉस्टेलच्या दारात येऊन उभा राहिलो नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते तुला कळेल. आज मात्र लिहावंच लागतंय. गावातला विनीत दुपारच्या गाडीने मुंबईला येतोय, उद्या सकाळी हे पाकीट तुझ्या हातात देईल. त्याच्यावर चिडू नकोस, आत काय आहे ते त्याला मी सांगितलेलं नाही.

जानेवारीत तुझ्या बाबांना चक्कर आली हे तुला माहीत आहे. कुठे आली ते त्यांनी सांगितलं नसणार. रापणीवर आली, किनाऱ्यावर जाळं ओढताना. जाळं किनाऱ्यापासून शंभर हातांवर होतं, दोन्ही दोरांना माणसं लागली होती. एरवी मी ज्या दोराला असेन तो सोडून ते दुसरा धरायचे. मी तोंडवलीच्या हॉटेलातलं काम सोडून मिठबावला परत आल्यापासून आमचं हे असंच चाललं होतं. (काम का सोडलं विचारू नकोस. मालकाशी वाजलं, दुसरं काय.) त्या दिवशी पलीकडे माणसं जास्त झाली आणि त्यांना माझ्या मागे उभं राहावं लागलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. नीट येत नव्हता तो, फाटक्या पिशवीसारखा येत होता. मी मागे बघायचं नाही म्हणून बघितलं नाही. मग दोर एकदम जड झाला. वळलो तर ते वाळूत गुडघ्यांवर बसले होते आणि तरी दोर सोडत नव्हते. मी त्यांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळालो. केवढे हलके झालेत गं ते.

रापणीचा नियम तुला सांगायला नको. दोराला ज्याचा हात शेवटपर्यंत, त्याला वाटा, मग तो कुणाचा का दुश्मन असेना. मी दोर अर्ध्यावर सोडला होता, म्हणजे माझा वाटा गेला. तरी आठव्या दिवशी तुमच्या शेजारची काशीकाकी पानात गुंडाळलेले चार बांगडे घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, “तुकारामान धाडल्यान हा. तुजो वाटो.” माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझे बाबा दोन वर्षं माझ्याकडे बघत नाहीत आणि आता बांगडे देऊन मोकळे होतात? तसाच पान घेऊन तुमच्या घरी गेलो, अंगणातून फेकायच्या तयारीनेच.

बाबा पडवीत पेज घेऊन बसले होते. बाजूला बशीत लालभडक काहीतरी होतं. ते एक फोड तोंडात टाकत होते, डोळे मिटत होते, कसंबसं गिळत होते. त्यांच्या प्रेशरसाठी तू मुंबईहून पाठवलेले ॲव्होकॅडो होते ते. दगडासारखे कडक, हिरवे. काशीकाकीने कैरीच समजून त्याच्या फोडी केल्या, मोहरी-तिखट लावून बरणी भरली. तू मीठ बंद सांगितलं होतंस म्हणून लोणच्यात मीठसुद्धा नव्हतं. मी एक फोड चाखली, किशोरी, कडू जहर. म्हटलं, काका, हे टाकून द्या. तर मला म्हणाले, “चेडवान धाडलेला, टाकतलंय कसा?” मुलीने पाठवलेलं म्हणून दोन दिवस ते तेच खात होते. मी बांगड्यांचं पान तिथेच कट्ट्यावर ठेवलं. फेकायचं राहूनच गेलं.

तोंडवलीला पर्यटकांना मी वर्षभर तेच पावावर लावून देत होतो, त्यामुळे ते फळ मला माहीत होतं. दुसरी पेटी आली तेव्हा फळं आंब्यांसारखी आढी लावून पेंढ्याखाली दडवली. ती आंब्यापेक्षा उतावळी निघाली. पाचातली तीन एकाच रात्रीत काळी पडली. मग मी एकेक घालायला लागलो, रोज देठाजवळ अंगठा दाबून बघायचं, तिथे दबलं की दुसऱ्या सकाळी कापायचं. न्याहारी कशी करायची ते लिहिलेली पेटीतली तुझी चिठ्ठी बाबांनी देवाच्या फोटोमागे ठेवलीय. मी तिच्याबरहुकूम केलं. गव्हाचा पाव देवगडहून आणायचा, तव्यावर तेल न घालता मंद भाजायचा, नुसता गरम करून चालत नाही, काठ वाजला पाहिजे. पाव गरम असतानाच त्यावर लसणीची कापलेली पाकळी घासायची. फळ काट्याने चेचायचं, पण गुळगुळीत नाही, दाताखाली गाठ आली पाहिजे. वर लिंबू, आमच्या परसातली मिरी, भाजलेले तीळ, काकडीच्या पातळ चकत्या, आणि एक दिवसाआड उकडलेलं अंडं. मीठ नाही. मीठ नाही म्हणून मिरी जरा हात सैल सोडून घालतो, ते चिठ्ठीत नव्हतं.

पहिल्या दिवशी बाबांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ह्या शेवाळ पावार लावन कोण खाता रे?” तरी खाल्लं त्यांनी. दुसऱ्या दिवशी बशी बोटाने पुसून खाल्ली. पाचव्या दिवशी मला उशीर झाला, तर काशीकाकीला पाठवून दिलं, “त्या शेवाळवाल्याक बोलव.” तेव्हापासून गावात मला तेच नाव पडलंय. एकदा मी पाव भाजत असताना बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “हात थंड आसा तुजो. डोक्याच तेवडा तापता.” त्यांनी एवढंच म्हटलं, पण मी दिवसभर तेच मनात घोळवत होतो.

फोटोचं तुला वाटतं तसं नाही. ते फोटो बाबा काढत नव्हते. त्यांना कॅमेरा उलटा धरतात की सुलटा ते अजून कळत नाही. तू सांगितलं होतंस, रोज नऊच्या आत न्याहारीचा फोटो आला पाहिजे. म्हणून त्यांच्या फोनवर मी काढायचो, मी पाठवायचो. आणि मग तुझं उत्तर यायचं. बाबा चष्मा शोधेपर्यंत मी ते वाचलेलं असायचं. “आज काकडी किती सुंदर लावलीय.” “बाबा, तुम्ही तर शेफ झालात.” एकदा तू नुसतं “शहाणा माझा बाबा” लिहिलंस आणि मी चुलीपाशी जाऊन उगाच तवा घासत बसलो. मला माहीत आहे ते माझ्यासाठी नव्हतं. तरी रोज पहाटे उठताना वाटायचं, आज किशोरी काय लिहील. चोरी आहे ही, दुसरं नाव नाही तिला. मी काकडीच्या चकत्या तुझ्यासाठी लावत होतो.

कॉलेजचंही एकदा बोलून टाकतो, कारण ते बोलल्याशिवाय पुढचं तुला खरं वाटणार नाही. त्या पोराने कँटीनमध्ये तुझं नाव घेऊन घाणेरडं काही म्हटलं आणि मी स्टूल त्याच्या डोक्यात घातलं. सात टाके पडले. कॉलेजवाले मला माफी लिहून दे म्हणाले, मी कागद फाडला आणि तडक घरी आलो, दुसरं वर्ष तिथेच संपलं. तेव्हा वाटत होतं मी तुझ्यासाठी केवढं केलं. मागे काय झालं ते मला तू एस.टी. स्टँडवर सांगितलंस. चौकशीत तुझं नाव आलं, बाबांना बोलावलं, आणि ते प्राचार्यांसमोर, त्या पोराच्या बापासमोर हात जोडून उभे राहिले. मुलगी माझी तशी नाही, असं सांगावं लागलं त्यांना. तू म्हणालीस, “तू भांडलास तुझ्या मानासाठी. मान खाली घातली माझ्या बापाने.” मी तेव्हाही तुझ्याशीच भांडलो. आता दोन महिने रोज त्यांच्या समोर बसतोय. ते खातात तेव्हा एक हात मांडीखाली दाबून ठेवतात, कापतो तो, दिसू नये म्हणून. तो हात बघितला की ते जोडलेले हात डोळ्यांसमोर येतात. एकदा मी त्यांना म्हटलं, काका, तेव्हा मी चुकलो. त्यांनी पाव मोडला आणि म्हणाले, “ता माका नको सांगू. जेका सांगूचा तेका सांग.” तर सांगतो. मी चुकलो, किशोरी. राग आला हे चुकलं नाही, पण त्या रागाचं ओझं दुसऱ्यावर पडलं आणि मी मागे वळून बघितलं नाही, हे चुकलं.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहितो. गेले अकरा दिवस तुला येणारे फोटो खोटे आहेत. बशी खरी, वरचं सगळं खरं, पण बाबा ती खात नाहीत. फोटो काढून झाला की बशी हळूच सरकवतात, “तोंडाक चव नाय रे, तूच खा.” आणि मी खातो, किंवा काशीकाकीच्या कोंबड्या खातात. रात्री ते आडवे झोपू शकत नाहीत, भिंतीला टेकून बसतात. पडवीची तीन पायठणं चढायला मध्ये थांबतात. प्रेशर वाढलंय असं तुला सांगितलंय, ते पूर्ण नाही. गोव्याच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं, हृदयाच्या तीन नसा बंद आहेत, बायपास करावी लागेल, थांबू नका. मी होतो त्यांच्यासोबत. परतीच्या वाटेवर गाडीतच त्यांनी मला बजावलं, “चेडवाची परीक्षा होऊंदे. तेच्या आदी तिका कळला, तर माज्या दारात पाय ठेवचो नाय.” मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं मी शब्द पाळतोय. खरं सांगायचं तर मला ते दार सुटायला नको होतं, आणि तुझी सकाळची ती एक ओळ बंद व्हायला नको होती. फेब्रुवारीपासून गप्प राहिलो आणि अकरा दिवस खोटे फोटो पाठवले, ते त्यासाठीच. ह्याबद्दल तू मला जे म्हणशील ते कमीच आहे. आज मी फोटो काढला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी तू विचारलंस, “बाबा, आज काय झालं?” त्यांनी मला लिहायला सांगितलं, नेटवर्क नाही असं लिही. माझा हात चालला नाही.

फोन केला असता, पण तू लगेच त्यांना फोन केला असतास आणि त्यांनी हसत सांगितलं असतं की चंदनचं डोकं फिरलंय. माझं डोकं फिरतं हे तुला माहीतच आहे, तुला तेच खरं वाटलं असतं. म्हणून डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडलीय. शेवटच्या चार ओळी नीट वाच. मंगळवारी सकाळी नऊ वाजता गोव्याला भरती करून घेणार आहेत, ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही म्हणाले. सही घरच्या माणसाची लागते, म्हणजे तुझीच. रविवारच्या रात्रीच्या गाडीत बस, नांदगावला उतर, गावातल्या शिवाची गाडी पहाटे स्टेशनबाहेर उभी असेल. मी गाडीत नसेन, तुला नको असेल तर अंगणातही नसेन. परीक्षेचं काय ते तू बघ, मी अर्ध्यावर सोडून आलेला माणूस आहे, तुला त्यातलं काही सांगायचा मला हक्क नाही. बाबा तुला बघून आधी माझ्यावर ओरडतील, मग तुझ्यावर. परत जा म्हणतील, काही झालं नाही म्हणतील, उठून चालूनसुद्धा दाखवतील. ऐकू नकोस. त्यांनी माझं ऐकलं नाही, काशीकाकीचं नाही, डॉक्टरांचं नाही. पण तू पाठवलेलं कडू जहर असलं तरी ते टाकत नाहीत. तू ये आणि त्यांना गाडीत बसव.

‘तुझाच’ लिहायचा हक्क मीच घालवला, तरी दुसरं काही लिहायला येत नाही,

तुझाच
चंदन