हाक

अंधेरी, १२ ऑगस्ट १९८७

अंगावरचा काटा अजून जात नाही. आरे कॉलनीत सापडलेले आजोबा परवापासून आमच्या पोलीस ठाण्यात होते. स्वतःचं नावही आठवेना त्यांना. हातावर फक्त 'पार्वती' गोंदलेलं. मुख्यालयात सरकारी पैशातून कॉम्प्युटर आलाय, सगळ्या जिल्ह्यांतल्या बेपत्ता माणसांची माहिती त्यात एकत्र आहे म्हणे. साहेबांनी फोनवर गोंदण सांगितलं, तेव्हा मी मनात हसले. एवढ्या एका गोंदणावरून माणूस सापडतो का? पण थोड्याच वेळात उलट फोन आला. कणकवली, हातावर 'पार्वती', नाव विठोबा!

साहेब म्हणाले, "जा, तूच हाक मार."

"विठोबाआजोबा?"

त्यांनी झटकन मान वर केली. "गो, माका ओळखतंस तू?"

मी नुसता त्यांचा हात धरून बसले.