कोठीची किल्ली

आण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. आटपाडीकडच्या आपल्या गावात लग्न कुणाचंही असो, लाडू-तुपाच्या खोलीची, म्हणजे कोठीची किल्ली तुमच्याच करगोट्याला. लोक म्हणायचे, माणूस सोन्यासारखा. मी तुम्हाला पाहिलं ते दार अडवून बसलेलं. दुष्काळ नुकताच सरलेला, मी बारा वर्षांची, आणि असल्याच एका लग्नात मी कोठीत सांडलेली चिमूटभर बुंदी उचलते. तुम्ही चार बायकांदेखत माझी मूठ उघडायला लावता. "शेवटच्या पंगतीला बस. हितं तू माजी कुनी न्हाईस." शेवटच्या पंगतीला नुसता आमटीभात उरला होता. घरी येताना तुम्ही मला समजावलंत, "घरच्या धन्याला लग्नात कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. म्हून कोठीवर परका मानूस बसवायचा, ही जुनी रीत हाय." मला ते पटलं होतं, त्याचाच जास्त राग येतो.

सहा वर्षांनी माझं लग्न झालं. शेजारचे काका सकाळपासून किल्ली मागत होते. "आवं आण्णा, द्या की. पोरीच्या लग्नात तुमी बोहल्यापाशी पायजे." "व्हय, देतो," म्हणत तुम्ही दिली नाहीत, दुसऱ्या कुणावर तुमचा विश्वासच नव्हता. कन्यादान चुलत्यानं केलं. वऱ्हाडाचा ट्रक निघाला तेव्हाही तुम्ही कोठीतच होता. रीत तुम्हीच शिकवलीत, आणि माझ्या लग्नात परके तुम्हीच झालात. मी सासरी वर्षभर तुमचं नाव काढलं नाही.

काल तुमच्या नातवाचं लग्न झालं, सांगलीत, विश्रामबागेतल्या कार्यालयात. कोठीची किल्ली मी आदल्या दिवशीच नणंदेच्या हाती दिली, तुमच्या नाकावर टिच्चून. मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि थोड्या वेळानं नणंद म्हणाली, "वैनी, अक्षता टाकायच्या सोडून तुमी हितं काय करताय?" मी कोठीच्या दाराशी उभी होते. केटररकडच्या एका बाईला मूठ उघडायला लावत होते.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. त्या बाईची मूठ रिकामी होती, आण्णा.