डाव्या हाताची फाइल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, अविवाहित, बत्तीस वर्षे प्रोग्राम लिहून निवृत्त झालेली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.

१. राहते घर भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. स्वयंपाकघराची खिडकी उचलून लावावी लागते.

२. माझ्या कीबोर्डच्या खडखडाटाने ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे नऊ वर्षे डोके दुखले. कीबोर्ड त्यांना द्यावा. सूड म्हणून नव्हे. बरे, थोडा सूड म्हणूनच.

३. माझी खरी मिळकत म्हणजे, ज्यात प्रोग्राम टाइप करायचे त्या एडिटरच्या सेटिंग्ज. कोणत्या कळेने काय व्हावे, अक्षर केवढे दिसावे, हे सगळे पूर्वी एकाच फाइलमध्ये कोंबलेले होते. प्रत्येक ओळीशेजारी ती का घातली याची टीप असे. ‘साहेब मागे उभे राहिले की ही कळ दाबावी, काम चालू असल्यासारखे दिसते’, अशीही एक टीप होती.

४. धाकटा भाऊ आमच्याच ऑफिसात होता. ऑफिसातल्यांना माझ्या सेटिंग्ज हव्या होत्या, म्हणून त्याने ती फाइल टिपांसकट सगळ्यांना पाठवली, साहेबांनाही. माझी बढती हुकली आणि गेली अकरा वर्षे मी त्याच्याशी बोललेले नाही. त्याने न विचारता पाठवली, असे मी सगळ्यांना सांगत आले. हे खोटे आहे. तो टेबलाशी येऊन म्हणाला होता, “ताई, सगळी देऊ, की तुझं तू वेगळं काढतेस?” मी मान वर न करता म्हणाले, “दे रे सगळी, मला वेळ नाही.” चूक माझी होती, शिक्षा त्याने भोगली. तोंडाने कधी कबूल केले नाही, म्हणून इथे करते.

५. त्यानंतर मी फाइलचे भाग पाडले. सामाईक भाग जुन्या ऑफिसातल्या मंडळींना द्यावा. हवे ते ठेवावे, नको ते काढावे, मला विचारू नये. खासगी भाग भाचीने पुसून टाकावा. न वाचता. तुलाच सांगते आहे.

६. तिसरा भाग भावाला. गेल्या वर्षी भाची म्हणाली, “आत्या, बाबांचा उजवा हात गेला. एडिटर उघडतात आणि नुसते बघत बसतात.” तेव्हापासून मी उजवा हात मफलरने कमरेशी बांधून रोज दोन तास टाइप करते. डावा हात जिथे पोचेना ती कळ बदलली. दोनदा चिडून मफलर फेकला, त्याचीही टीप आहे. ही फाइल माझ्या पश्चात त्याला द्यावी, असे लिहिले आणि वाचून माझी मलाच लाज वाटली. माझ्या मरणाची वाट त्याने का बघावी? उद्या मीच नेऊन देते. त्याने दार उघडले नाही, तरच हे कलम लागू समजावे.

सही वाकडी आहे. ती डाव्या हाताची आहे आणि माझीच आहे.

सही: (ताई)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (तळमजला), घड्याळ दुरुस्त करणारे काका (समोरचे दुकान)
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, मंगळवार

बुधवारची नोंद, त्याच साक्षीदारांसमोर: कलम ६ रद्द. दार उघडायला त्याला वेळ लागला, कडी डाव्या हाताने काढायची होती. फाइल पुढे केली तर म्हणाला, “ताई, सगळी देतेस, की तुझं वेगळं काढलंस?”

सगळी दिली.